सामू हलतो तेव्हा तो काय सांगत असतो?

मातीविना पाण्यावर भाजी पिकवणाऱ्यांची एक तक्रार आपण वारंवार ऐकतो. "काल सामू ६ वर आणून ठेवला, आज सकाळी पुन्हा ७. रोज आम्ल ओततोय, रोज तो वर जातोय." सामू म्हणजेच आपला पीएच. आज या तक्रारीचाच विचार करू.

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने खताच्या टाकीत का डोकवावं? तर न्यायदर्शनातला डोंगरावरचा धूर आठवा. धुरावरून आपण आगीचं अनुमान करतो, पण धूर म्हणजे आग नव्हे. सामूचा आकडा हा टाकीतला धूर आहे. रोज आम्ल ओतून तो खाली आणणं म्हणजे धूर हाताने वारत बसणं. आग कुठे आहे, हे पाहायला हवं.

आधी आकडा समजून घेऊ. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ही मोजणी मांडली. तिच्यात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, दोन अंकांचा म्हणजे शंभरपट. म्हणून ५ आणि ७ हे वाटतात तितके शेजारी नाहीत. पण म्हणून आकडा खिळ्यासारखा स्थिर हवा, असंही नाही. लेट्यूस, पालक यांसारख्या भाज्यांना साधारण ५.५ ते ६.५ हा पट्टा मानवतो. त्या पट्ट्यातली चढउतार हा आजार नव्हे, झाड जेवत असल्याची ती खूण आहे. त्याच्या वर बराच काळ राहिला तर लोह मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

आता कारणं. पहिलं कारण पाणी. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात पुष्कळदा बायकार्बोनेट भरपूर असतं. ओतलेलं आम्ल आधी त्याच्यावरच खर्च होतं, आणि टाकीत तसंच पाणी रोज भरत राहिलं की सामू पुन्हा वर. म्हणून एकदा प्रयोगशाळेतून पाण्याची अल्कता तपासून घ्यावी आणि खत घालण्याआधी पाणीच सुधारून घ्यावं. तेव्हा आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

दुसरं कारण खुद्द झाड. मुळं नत्र नायट्रेटच्या रूपात घेतात तेव्हा सामू चढतो, अमोनियमच्या रूपात घेतात तेव्हा उतरतो. कॅलिफोर्नियाच्या होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये दिलेल्या दोन द्रावणांपैकी एकात थोडं अमोनियम आहे, ते याच हिशेबाने. एकूण नत्राचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी अमोनियम ठेवलं, तर चढ-उतार एकमेकांना बऱ्यापैकी सावरतात. जास्त झालं तर मुळांनाच बाधतं.

तिसरं कारण जिवाणू. अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या क्रियेत आम्ल तयार करतात, मग सामू उतरतो. मुळं कुजायला लागली तरी तो घसरू शकतो. म्हणजे एकाच धुरामागे दोन वेगळ्या आगी. न्यायशास्त्र अशा हेतूला व्यभिचारी म्हणतं, त्या एकट्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. मूळ उचलून पाहा. पांढरं, टणक असेल तर घाबरू नका. तपकिरी, बुळबुळीत आणि वास येणारं असेल तर आम्लाची बाटली बाजूला ठेवा, दुखणं वेगळं आहे.

ते दुखणं बहुधा पिथियमचं असतं. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, एका झाडाचा रोग एकाच टाकीतून सगळ्यांना लागतो. इथे ट्रायकोडर्मा, बॅसिलस यांच्यासारखे मित्रजीव कामाला येतात. ते मुळांभोवती आधी जागा धरतात आणि मुळांतून पाझरणाऱ्या अन्नावर जगतात. पण ते पहारेकरी आहेत, वैद्य नव्हेत. रोपं लहान असतानाच त्यांना आणावं. आणि एकीकडे त्यांना सोडायचं, दुसरीकडे हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, हा वदतोव्याघात झाला. ते औषध शत्रू-मित्र ओळखत नाही. दोहोंपैकी एक मार्ग निवडावा लागतो.

"मग टाकीत जीवामृत घालू का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. जमिनीतली गोष्ट निराळी. साचलेल्या टाकीत गूळ पडला की जिवाणू भराभर वाढतात आणि प्राणवायू संपवतात. २० अंशांना पाण्यात लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात एका रात्रीत मुळं गुदमरू शकतात. मित्रजीवांना गुळापेक्षा सावली, थंड पाणी आणि चालू एअर पंप जास्त उपयोगी.

मग आम्ल ओतायचंच नाही का? ओतायचं, पण पट्टा ओलांडल्यावर, पातळ करून, थोडंथोडं. एकदम तीव्र आम्ल पडलं तर त्या जागची मुळं आणि मित्रजीव दोन्ही भाजतात. मीटर ४ आणि ७ च्या द्रावणांत तपासून घ्या. आणि रोज एकाच वेळी सामू, पाण्याचं तापमान, मुळांचा रंग वहीत लिहा. दोन आठवड्यांनी ती वही वाचली, की बाटली उचलायची की पंप पाहायचा, हे आपलं आपल्यालाच कळेल.