कण्हदासाचा यक्ष ते चौऱ्याऐंशी सिद्ध

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक बुटका, ढेरपोट्या यक्ष आहे. डोक्यावर पसरट पात्र, ते तोलायला वर केलेले हात आणि चेहऱ्यावर असं हसू, की दोन हजार वर्षांपूर्वीचा हा गडी आता काहीतरी चावट बोलणार असं वाटावं. त्याच्या हाताच्या पाठीवर ब्राह्मी अक्षरांत कोरलंय, की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनारानं घडवली. अंगावरचे दागिने जवळून पाहिले, की दगड सोनाराच्या हातात पडला होता हे वेगळं सांगावं लागत नाही. हा यक्ष मराठवाड्याचा. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या दरीत, लेण्यांपुढचा ढिगारा उपसताना तो मिळाला. उपसण्याचं काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं ते मधुसूदन नरहर देशपांडे.

देशपांडे साताऱ्याकडचे, रहिमतपूरचे. जन्म १९२०चा. मॉर्टिमर व्हीलर या शिस्तीच्या इंग्रज अधिकाऱ्यानं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात जी पिढी घडवली, त्यातले ते एक. ब्रजवासी लाल, बालकृष्ण थापर हे त्यांचे समकालीन. तिघेही पुढे सर्वेक्षणाचे महासंचालक झाले: लालांनंतर १९७२ ते १९७८ देशपांडे, त्यांच्यानंतर थापर. पण लालांचं नाव हस्तिनापूर आणि कालीबंगामुळे वर्तमानपत्रांत पोचलं, तसं देशपांड्यांचं पोचलं नाही. खानदेशातलं बहाळ त्यांनी १९५२-५३मध्ये खणलं, प्रवरेकाठचं दायमाबाद १९५८-५९मध्ये. त्याच दायमाबादला १९७४मध्ये छबू लक्ष्मण भिल यांच्या हाती रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार कांस्यशिल्पं लागली, तेव्हा देशपांडे दिल्लीत महासंचालकाच्या खुर्चीत होते. नशीब असंही असतं.

मला मात्र त्यांची कारकीर्द या गावांमधून वाचावीशी वाटत नाही. ती वाचावी भिक्षूंच्या आणि जोग्यांच्या घरांमधून. एका टोकाला इसवी सनापूर्वीचा पितळखोऱ्याचा विहार, दुसऱ्या टोकाला चौदाव्या शतकातली कोकणातली नाथांची गुहा. मधल्या दीड हजार वर्षांत महाराष्ट्राच्या डोंगरांत राहणारे बैरागी कसे बदलत गेले, हे या माणसानं दगडावरून लावलेलं गणित आहे.

पितळखोरं बर्जेससारख्या अभ्यासकांना एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं. तरी ते गाळात राहिलं, कारण तो मुलूख निजामाचा. आपला परभणी जिल्हाही तसाच. १९४८पर्यंत इथली देवळं, लेणी हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याकडे होती. गुलाम याझदानींनी त्या खात्यात मोठं काम केलं, पण त्यांची शक्ती अजिंठा-वेरूळमध्येच खर्च होणार हे उघड होतं. संस्थान विलीन झालं आणि १९५०च्या दशकात पितळखोऱ्याची माती हलली. आत निघालं ते नुसतं लेणं नव्हतं. जोत्यावर हत्तींची रांग, दाराशी द्वारपाल, स्तूपाशी ठेवलेल्या स्फटिकाच्या डब्या. जिन्यालगतच्या भिंतीत पाच फण्यांचा नाग आहे. त्याच्या तोंडांना भोकं आहेत आणि मागून दगडातून पन्हळ काढलेली आहे, म्हणजे वरून सोडलेलं पाणी फण्यांतून बाहेर पडावं. भिक्षूंचं जगणं म्हणजे निव्वळ वैराग्य असं समजणाऱ्यांनी हा नाग एकदा बघावा.

देशपांड्यांचा अहवाल १९५९मध्ये ‘एन्शंट इंडिया’च्या पंधराव्या अंकात छापला गेला. त्यात त्यांची नजर कुठे अडते ते बघण्यासारखं आहे. चैत्यगृह हीनयान काळातलं, साधं. बुद्धाची मूर्ती नसलेलं. पण खांबांवर रंगवलेले बुद्ध आहेत, अजिंठ्याच्या उत्तरकाळातले, सहासातशे वर्षं नंतरचे. जुनं घर, नवा बिऱ्हाडकरू. भिंत पाडली नाही, रंग चढवला. पुढे अजिंठ्याची चित्रं हा त्यांच्या अभ्यासाचा आणि जतनाचा मोठा विषय झाला. अमलानंद घोषांनी १९६७मध्ये संपादित केलेल्या ‘अजंता म्युरल्स’मध्ये त्यांचं लेखन आहे. पण बिऱ्हाड बदलण्याचा हा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता.

त्याचं उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात मिळालं.

पन्हाळेकाजी हे कोटजाई नदीच्या काठचं खेडं. तिथे शिलाहारांचा एक ताम्रपट सापडला, शके १०६१चा, म्हणजे इसवी सन ११३९चा. अपरादित्याचा मुलगा विक्रमादित्य याचा तो दानलेख, आणि त्यात प्रणालक या ठिकाणाचं नाव. दाभोळचे अण्णा शिरगावकर यांच्यासारखा गावोगाव हिंडून कागद, नाणी, ताम्रपट गोळा करणारा माणूस नसता, तर सरकारी खात्याचं लक्ष तिकडे कधी गेलं असतं कोण जाणे. खाती मोठी असतात, पण बातमी बहुतेक वेळा अशाच एखाद्या हट्टी माणसाकडून येते. देशपांडे आले, त्यांनी लेणी पाहिली आणि निवृत्तीनंतरही ती सोडली नाहीत. १९८६मध्ये सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत त्यांचं पन्हाळेकाजीवरचं पुस्तक निघालं. तिसऱ्या ते चौदाव्या शतकाचा हिशोब त्यात आहे.

लेणी एकोणतीस. अठ्ठावीस एका ओळीत, एकोणतिसावं जरा बाजूला, त्याला गौर लेणं म्हणतात. पाचव्या लेण्यात स्तूप आहे. सुरुवात तिथून, तिसऱ्या शतकात, हीनयान भिक्षूंपासून. मग दहाव्या-अकराव्या शतकात वज्रयानी आले आणि दहाव्या लेण्यात महाचंडरोषणाची स्थापना झाली. हा देव शांत नव्हे. उगारलेली तलवार, हातात पाश, एक गुडघा जमिनीला टेकलेला आणि मुकुटावर अक्षोभ्य बुद्ध, ही त्याची ओळख. बुद्धधर्म आठव्या शतकानंतर महाराष्ट्रातून आटोपला असं आपण शाळेत घोकलेलं. आणि इथे शिलाहारांच्या राज्यात तांत्रिक बौद्धांचा मठ चालू होता!

हा देव कोकणात नवखा, पण पूर्वेकडे ओळखीचा होता. योगायोग असा, की ओडिशातही एक रत्नागिरी आहे. तिथला वज्रयानी विहार देबला मित्रांनी १९५८ ते १९६१मध्ये उकरून काढला. त्याही पुढे सर्वेक्षणाच्या महासंचालक झाल्या. पश्चिम किनाऱ्यावरची मूर्ती ओळखायची तर पूर्व किनाऱ्यावरचा विहार माहीत हवा, म्हणून मूर्तिशास्त्राचा अभ्यासक एका जिल्ह्यात अडकून पडला की संपला.

शिलाहारांच्या काळात शिव आणि गणपती यांची उपासना इथे वाढली. एकोणिसाव्या लेण्यात शिवलिंग आहे. आणि शेवटी आले नाथ. चौदाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यात त्यांच्या खुणा आहेत, गौर लेण्यात चौऱ्याऐंशी सिद्ध. नाथसिद्ध ओळखण्याचीही एक रीत असते. माशावर बसलेला तो मत्स्येंद्र. कानात कुंडलं घालून योगासनात बसलेला गोरक्ष. हातपाय तोडलेला चौरंगी. किती आकृती झिजल्या आहेत, कोणाचं वाहन कोणतं, कोणाच्या शेजारी कोण, असं करत देशपांड्यांनी ही मंडळी उलगडली.

वारकरी घरात वाढलेल्या माणसाला हे वाचताना वेगळंच वाटतं. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव ही परंपरा आपण पोथीतून, कीर्तनातून ऐकलेली. ज्ञानेश्वरी १२९०ची. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर औंढा नागनाथचे. औंढा १९९९मध्ये हिंगोली जिल्हा होईपर्यंत परभणीतच होतं. या परंपरेचं वाङ्मय अफाट, पण हे लोक राहत कुठे, पुढ्यात कोणती मूर्ती ठेवत, याचा त्या काळातला दगडी पुरावा फार थोडा. ज्ञानदेवांनंतरच्या शतकातला तो पुरावा पन्हाळेकाजीत मिळतो. तोही बौद्धांनी सुरू केलेल्या डोंगरात. महानुभाव, नाथ, वारकरी यांच्यावर आपल्याकडे मराठी विभागांतून प्रबंधांच्या राशी पडल्या आहेत. त्यातल्या किती जणांनी हे पुस्तक चाळलं असेल, याबद्दल मला शंका आहे.

हे काम किती अवघड, ते युरोपकडे पाहिलं की कळतं. चेक देशात साझावा नदीकाठी प्रोकोप नावाच्या संन्याशानं अकराव्या शतकात मठ स्थापला. तिथे प्रार्थना स्लाव भाषेत चाले. शतक संपता संपता त्या साधूंना हुसकावलं गेलं आणि लॅटिन पठडीचे बेनेडिक्टाइन आत आले. चेक पुरातत्त्वज्ञांनी तिथे चार पाकळ्यांच्या आकाराच्या एका चर्चचा पाया मोकळा केला आहे. पण त्यांच्या हाताशी इतिवृत्तही आहे. बाराव्या शतकात साझावाच्याच एका साधूनं ते लिहून ठेवलं. देशपांड्यांकडे एक ताम्रपट, थोडे शिलालेख आणि बाकी मुक्या मूर्ती. वज्रयानी गेले की घालवले गेले, की त्यांचेच शिष्य पुढे कानात कुंडलं घालून बसले? मला तिसरी शक्यता मोहवते. सिद्धांच्या याद्या बौद्धांकडेही आहेत, नाथांकडेही, आणि मत्स्येंद्र, गोरक्ष ही नावं दोन्हींकडे सापडतात.

आता परभणीचं. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. तिथली पार्श्वनाथाची भव्य मूर्ती एका लहानशा दगडावर टेकलेली दाखवतात आणि अधांतरी म्हणून लोक भक्तीनं बघतात. चारठाण्यात यादवकाळाच्या आसपासची देवळं गावभर विखुरली आहेत, धारासूरचं गुप्तेश्वर गोदाकाठी उभं आहे. वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानानं गाळ काढला तेव्हा कुठे नीट दिसली. पितळखोऱ्यालाही आधी मातीच काढावी लागली होती. फरक पुढचा आहे. माती निघाल्यावर कोणीतरी बसून एकेक दगड लिहून काढावा लागतो, जुन्या थरावर नवा कोणता चढला ते ताडावं लागतं, आणि ते छापावं लागतं. नेमगिरीला किती पिढ्यांनी काय काय जोडलं, याचं पन्हाळेकाजीसारखं पुस्तक एखाद्या जिंतूरच्याच पोरानं लिहावं.

देशपांडे २००८मध्ये गेले. पन्हाळेकाजीला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात कोटजाई फुगलेली असते. लेण्यांचे आकडे लिहून न्या, पाच, दहा, एकोणीस, चौदा या क्रमानं बघा, म्हणजे शतकं ओळीनं लागतील. आणि गौर लेणं बाजूला आहे म्हणून राहून जाऊ देऊ नका. चौऱ्याऐंशी सिद्ध तिथे आहेत.