रकान्यातली घरं

डोंबिवलीतली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. आईचं घर रिकामं करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत बाबांची १९७९ सालची डायरी सापडली. विमा एजंट वाटतात तसली, खिशात मावणारी. तारीख-वारांना न जुमानता बाबांनी पानभर पट्टीनं रेघा ओढल्या होत्या. वर रकान्यांची नावं : संडास, पाणी, स्टेशन, उजेड, रक्कम. डावीकडं इमारती, एकूण सतरा. सोळांवर काट, एकीपुढं बरोबरची खूण.

असाच एक तक्ता मी १९९६ साली मुलुंड-ठाण्यात घर शोधताना फुलस्केपवर केला होता. २०२३ मध्ये लेक घर शोधायला लागली, तीही एक्सेलची फाइल उघडूनच. तिन्ही तक्ते जेवणाच्या टेबलावर मांडून बसले तेव्हा लक्षात आलं, की यांत पुढच्या घराबद्दल फार थोडं आहे. जवळजवळ प्रत्येक रकाना हे आधीच्या घराचं गाऱ्हाणं आहे.

१९७९

बाबा गिरगावातल्या चाळीत वाढले. दोन खोल्या, नऊ माणसं, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आणि सकाळी तिथं डबा घेऊन उभी रांग. भाडं मात्र नावापुरतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. भाडेकरूला त्याचा आधार झाला, पण मालकाला डागडुजीत रस उरला नाही आणि नवी खोली पागडीशिवाय मिळेनाशी झाली. धाकट्याचं लग्न ठरलं की थोरल्यानं बिऱ्हाड हलवायचं, असा आमच्या घरचा रिवाज होता.

हलवायचं कुठं, हे रेल्वेनं आधीच ठरवून ठेवलं होतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर धावलेली गाडी पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली होती. सव्वाशे वर्षांनी त्याच मार्गावरून गिरगाव-दादरची मराठी बिऱ्हाडं डोंबिवलीला उतरत होती. बायका एकमेकींना सांगायच्या, 'ओनरशिपचा ब्लॉक घेतला.' बिल्डरनं लेखी करार करावा, मंजूर नकाशे दाखवावेत, सोसायटी करून द्यावी, अशी बंधनं १९६३ च्या कायद्यानं घातली होती. आमच्या घरी त्या कायद्याचं नाव कुणी काढलेलं आठवत नाही. बिल्डर कुणाच्या ओळखीचा, एवढंच विचारलं जायचं.

मी दहा वर्षांची. दर रविवारी आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं डोंबिवलीला जायचो. बाबांचं काम घड्याळाचं. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं बिल्डर म्हणाला की बाबा पुन्हा स्टेशनात जायचे, फलाटावरच्या पुलाच्या पायरीवर उभे राहून मनगटाकडं बघायचे आणि निघायचे. तेही साध्या चालीनं. हातात पिशवी असताना माणूस जसा चालेल तसं. डायरीत एका इमारतीपुढं 'पाच = चौदा' असं लिहिलंय.

आईची तपासणी निराळी होती. ती बिल्डरशी बोलायचीच नाही. बाबा आत खोल्या बघत असताना ती मागच्या बाजूला जाऊन शेजारच्या इमारतीच्या गॅलऱ्या न्याहाळायची. 'जिथं पिंपं जास्त, तिथं पाणी कमी,' हा तिचा सिद्धांत. मग गॅलरीत कपडे वाळत घालणारी एखादी बाई गाठून विचारायची, 'किती वाजता येतं हो? आणि किती वेळ?' परत येऊन नव्या ब्लॉकमधला नळ सोडून बघायची. धार किती जाड आहे ते बोटांनी जोखायची. पाण्याचा रकाना तिच्याच हट्टानं आला होता.

पैसे उभे राहिले ते प्रॉव्हिडंट फंडातली उचल, ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज आणि आईच्या पाटल्या यांतून. घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी १९७७ साली निघाली होती, पण अनोळखी कंपनीकडून वीस वर्षांचं कर्ज काढणं ही कल्पनाच बाबांना झेपली नसती.

दुसऱ्या मजल्यावरचा, ३८० चौरस फुटांचा ब्लॉक मिळाला. पहिल्या दिवाळीला आलेल्या पाहुण्यांना आई देवघराच्या आधी संडास-बाथरूम दाखवायची. आतून कडी लावता येते, हे सुद्धा लावून दाखवायची.

डायरीत काय नव्हतं हे कळायला वर्ष गेलं. गिरगावात जिना उतरला की डॉक्टर होते, वाचनालय होतं, साहित्य संघात नाटक होतं, संध्याकाळी चौपाटी होती. हे सगळं जन्मापासून पायाशी असल्यामुळं त्याला रकाना करावा असं कुणाच्या मनातच आलं नाही. इथं पावसाळ्यात चपला हातात घेऊन चिखलातून शाळेत जावं लागायचं. बाबा सकाळी सातला बाहेर पडायचे ते रात्री आठला यायचे. चौदा मिनिटं मोजणाऱ्या बाबांनी गाडीतला सव्वा तास आणि त्यातलं उभं राहणं कधी मोजलंच नव्हतं. कारण गिरगावात असताना ते फोर्टातल्या कचेरीत चालत जायचे.

१९९६

म्हणून माझ्या फुलस्केपवर पहिला रकाना 'गाडी' असा आहे. कॉलेजपासून नोकरीपर्यंत आठ वर्षं मी डोंबिवलीच्या फलाटावर गर्दीत आडवी घुसायला शिकले होते. दुसरा रकाना 'पाणी', कारण आईला पहाटे चारला उठून पिंपं भरताना बघितलं होतं. तानसा आणि भातसा ही धरणं ठाणे जिल्ह्यातली, त्यांचं पाणी जाडजूड नळांतून आमच्या जिल्ह्यातूनच मुंबईला जायचं. तिसरा 'वीज'. चौथा 'शाळा'.

या चारही रकान्यांचं उत्तर नवऱ्याच्या आणि माझ्या मते एकच होतं : मुंबईची हद्द. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की मुंबई महापालिका संपते आणि ठाणे सुरू होतं. नाक्यावर जकातीसाठी ट्रक खोळंबलेले असायचे, आणि घरांचे भावही तिथंच पायरी उतरायचे. त्याच रस्त्यावर, तशाच इमारतीत, पलीकडं गेलं की एक खोली जास्त मिळायची. आम्ही नौपाडा बघितला, पाचपाखाडी बघितली, भांडुपही बघितलं. फिरून फिरून मुलुंडला यायचो. एजंटही हुशार. तो घराआधी पत्ता विकायचा : 'मॅडम, पिनकोड मुंबईचा आहे.'

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं टीडीआर आणला होता. शहरात आरक्षणाखाली जमीन दिली, तर तिथल्या बांधकामाचा हक्क उत्तरेकडच्या उपनगरात वापरता येऊ लागला. त्यामुळं मुलुंडसारख्या ठिकाणी तीन मजल्यांच्या जुन्या इमारतींशेजारी सात मजली उभ्या राहत होत्या. भाव नुकतेच शिखरावरून घसरायला लागले होते, पण आम्हाला दारात उभं राहून ते कळणार कसं? गृहकर्जाचं व्याज पंधरा टक्क्यांच्या घरात होतं. तरी बाबांनी या वेळी विरोध केला नाही.

घर बघायला जाणं हा तोवर आमच्यासाठी एकतर्फी मामला होता. मुलुंडला कळलं, की घरही आपल्याला बघतं. दोन इमारतींत एजंटनं आडनावावरून सुरुवात केली आणि मासे खाता का, इथं येऊन थांबला. आम्ही खातो म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी 'पार्टीनं विचार बदलला' असा निरोप आला. या दोन इमारतींपुढं माझ्या तक्त्यात काट आहे, कारण लिहिलेलं नाही.

शेवटी पसंत पडलेल्या घराचं क्षेत्रफळ ६५० चौरस फूट, 'सुपर बिल्टअप'. हा शब्द आम्ही नव्यानं शिकत होतो. बाबा टेप घेऊन आले. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं, पाठीमागं कागदावर बेरीज केली. भरलं ४६०. 'बाकीचं कुठंय?' बाबांनी विचारलं. जिना, लिफ्ट, लॉबी, असं बिल्डरचा माणूस म्हणाला. 'म्हणजे जिन्याचंही कर्ज फेडायचं,' एवढंच बाबा म्हणाले. आम्ही घर घेतलं. चौरस फुटांचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच. ३८० मध्ये वाढलेल्या मुलीला ४६० कमी कसे वाटणार?

स्टिल्टमधल्या पार्किंगचे वेगळे पैसेही दिले, साध्या पावतीवर. तेव्हा गाडी नव्हती. पुढं २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की स्टिल्टची जागा ही सोसायटीची सामाईक जागा आहे, बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. तोपर्यंत आमच्या सोसायटीत त्या पट्ट्यांवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं.

माझ्या तक्त्यातही जे जन्मापासून हाताशी होतं ते नाही. डोंबिवलीत आमचं दार दिवसभर उघडं असायचं. मुलुंडला आम्ही पहिल्याच आठवड्यात सेफ्टी डोअर बसवलं. १९९९ साली डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि पुढं महाराष्ट्रभर पसरली. मी दर पाडव्याला मुलुंडहून नऊवारी नेसून आईकडं जाते, माझ्याच गावात पाहुणी म्हणून.

२०२३

लेकीच्या एक्सेलमध्ये एकोणीस रकाने होते. पहिला : महारेरा क्रमांक. १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झाल्यावर बिल्डरला प्रकल्प नोंदवावा लागतो, ताबा कधी देणार हे जाहीर करावं लागतं आणि क्षेत्रफळ कार्पेटमध्येच सांगावं लागतं. घरातल्या भिंती त्यात धरायच्या. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून द्यायची. बाबांच्या टेपचं काम कायद्यानं उचललं. हे बघायला बाबा नव्हते.

६५० आणि ४६० ची गोष्ट लेकीनं लहानपणापासून ऐकली होती, म्हणून कार्पेटचा रकाना दुसरा. पार्किंगची भांडणं बघितली होती, म्हणून तो तिसरा. २६ जुलै २००५ ला ती सात वर्षांची होती. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी आम्ही तिला तळमजल्यावरच्या मैत्रिणीकडून पाण्यातून खांद्यावर आणलं होतं. म्हणून 'दहाव्याच्या वर'. टाळेबंदीत ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी लॅपटॉप ठेवून मीटिंगा करायची, म्हणून 'जास्तीची खोली, दार असलेली'. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं असेल तर जीएसटी नाही, बांधकाम चालू असेल तर पाच टक्के. हा हिशेबही सूत्र घालून तयार.

घोडबंदर रोडवर एका संकुलात नमुना फ्लॅट बघायला तिनं आम्हा दोघींनाही नेलं. आई एकोणऐंशी वर्षांची. इमारत पाडल्यापासून भाड्याच्या घरात राहते, पण गल्ली तीच हवी म्हणून अडून बसली होती. लिफ्टमधून बाहेर आल्यावर तिनं आधी विचारलं, 'दारं कुठं गेली?' खरंच, आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं. दारं नसली की जागा मोठी दिसते. पलंगाची लांबी लेकीनं वितीनं मोजली, तो नेहमीपेक्षा आखूड निघाला. तरी सगळं चकचकीत, नीटनेटकं होतं. सेल्सवाली मुलगी क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव, जॉगिंग ट्रॅक सांगत होती. लेक रकाने भरत होती.

आई स्वयंपाकघरात गेली आणि सवयीनं नळ सोडला.

काहीच आलं नाही. तिनं तो बंद करून पुन्हा सोडला.

'आजी, सॅम्पल फ्लॅट आहे ना,' ती मुलगी हसून म्हणाली, 'नळ नुसता दाखवायला आहे.'

आई काही बोलली नाही. खाली उतरल्यावर आम्ही पार्किंगकडं निघालो, ती मात्र शेजारच्या, आधीच भरलेल्या टॉवरच्या फाटकाशी गेली. पिंपं ठेवायला तिथं कुणाची गॅलरी नव्हती, सगळीकडं काचा. मग तिनं वॉचमनला गाठलं. 'टँकर येतात का हो? दिवसाला किती?' वॉचमननं मान डोलावली आणि वहीत बघून आकडा सांगितला. उन्हाळ्यात वाढतात, म्हणाला.

मुलुंडला वाढलेल्या माझ्या मुलीच्या एकोणीस रकान्यांत पाणी नव्हतं. तिनं गाडीतच लॅपटॉप उघडला, विसावा रकाना ओढला आणि विचारलं, 'आजी, याला नाव काय देऊ?'