ॲडापलिनची नळी उघडण्यापूर्वी

मुरुमांसाठी डॉक्टरांनी जेल दिलं, आठवडाभर लावलं, चेहरा लाल झाला, साल निघाली, पुळ्या उलट वाढल्या आणि नळी कपाटात गेली. रेटिनॉइडबद्दलची ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दोष बहुतेक वेळा औषधाचा नसतो, ते लावण्याच्या घाईचा असतो.

औषध काय करतं

रेटिनॉइड हे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं औषध. मुरुमाची सुरुवात केसाच्या मुळाशी असलेल्या बारीक नळीत होते. तिथल्या मृत पेशी नीट झडत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्यामागे तेल साचतं. तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड, बंद झालं तर व्हाइटहेड. आत जंतू वाढले आणि सूज आली की लाल, दुखरी पुळी. रेटिनॉइड पेशींचं हे झडणं सुरळीत करतं, म्हणजे नळी तुंबूच देत नाही.

पुळी दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी ती आत तयार होऊ लागलेली असते. म्हणून हे औषध टिपक्याटिपक्यांनी पुळीवर लावायचं नसतं. जिथे मुरुम येतात तो सगळा भाग, बहुधा पूर्ण चेहरा, झाकायचा असतो. फळ दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, तेही याच कारणाने.

कोणती नळी

या घराण्यातलं जुनं औषध ट्रेटिनॉइन. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अल्बर्ट क्लिगमन यांच्या कामातून ते मुरुमांच्या उपचारात आलं आणि 1971 मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. ॲडापलिन त्यामानाने नवं, 1996 चं. ते त्वचेला कमी झोंबतं आणि उजेडात ट्रेटिनॉइनसारखं निकामी होत नाही. 2016 पासून अमेरिकेत 0.1 टक्क्याचं ॲडापलिन चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे ते डॉक्टरांना दाखवूनच सुरू करावं. नवख्या माणसाला बहुतेक वेळा हेच 0.1 टक्क्याचं जेल पुरतं.

रेटिनॉलची महागडी सीरम वेगळी. त्वचेत दोन पायऱ्यांनी बदलल्यावरच रेटिनॉल कामाला लागतं, त्यामुळे जोर कमी. मुरुमांसाठी पैसे घालवायचे तर ते तिथे नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा धोका आहे तो तिसऱ्याच नळीचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड, अशी तिघांची मिळून एक क्रीम मिळते. ती वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे दिवस वापरायची असते. पण ‘गोरं करणारी क्रीम’ म्हणून ती शेजारणीकडून मैत्रिणीकडे फिरते. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, मुरुम दबतात. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि क्रीम थांबवली की चेहरा पेटतो. 2018 मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीच्या औषधांत आणल्या, तरी काउंटरवर मागितली की मिळते हा अनुभव सरसकट आहे. खोक्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे शब्द दिसले, तर ती मुरुमांसाठी लावू नये.

पहिला महिना

रात्री सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, टिपून घ्यायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. ओलसर त्वचेवर जेल जास्त झोंबतं. मटारच्या दाण्याएवढं जेल पूर्ण चेहऱ्याला पुरतं. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी इथे ठिपके द्यायचे आणि पसरायचं. डोळ्यांभोवती, नाकपुड्यांच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना लावायचं नाही. साल आधी तिथेच निघते. वरून साधं, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर जेलच्या आधीही एक थर द्यावा.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन-तीन रात्री. सोसलं तर एक रात्र सोडून एक, मग रोज. जळजळ झाली तर दोन रात्री खुशाल सुट्टी घ्यावी. जास्त लावून काम लवकर होत नाही, फक्त चेहरा सोलतो.

सावळ्या त्वचेला हे सोलणं महागात पडतं. आपल्याकडे पुळी गेली तरी मागे काळा डाग राहतो आणि लोक डॉक्टरकडे येतात ते बहुधा या डागासाठीच. त्वचेला कुठल्याही कारणाने दाह झाला की रंगद्रव्य वाढतं. रेटिनॉइडच्या जळजळीनेही वाढतं. म्हणजे डाग घालवायला आणलेलं औषध घाईने लावलं तर नवे डाग देऊन जातं. सकाळी किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन त्यामुळेच लागतं, पावसाळी आभाळ असलं तरीही.

काय बाजूला ठेवायचं

स्क्रब, लिंबू, बेसनाचं चोळून लावायचं उटणं आणि ॲसिडची सीरम या दिवसांत बंद. चेहऱ्यावर वॅक्सिंग तर नकोच. रेटिनॉइड लावलेली त्वचा पट्टीबरोबर निघून येऊ शकते. आयब्रो किंवा अपरलिप करायचे असतील तर आधी काही रात्री जेल थांबवावं आणि पार्लरवालीला तसं सांगावं. केसांना चोपडलेलं तेल कपाळावर उतरत असेल, तर कपाळावरच्या पुळ्यांचं एक कारण तिथेच सापडेल.

डॉक्टरांनी बेन्झॉइल पेरॉक्साइड सोबत दिलं असेल तर ॲडापलिनबरोबर ते चालतं. दोन्हींचं एकत्र जेलही मिळतं. मात्र ते कपड्याचा रंग उडवतं. उशीला पांढरा अभ्रा घालावा.

पुळ्या वाढल्या तर

सुरुवातीच्या काही आठवड्यांत पुळ्या वाढू शकतात. नेहमीच्याच जागी येऊन लवकर बसत असतील तर धीर धरावा. कधीच मुरुम न आलेल्या जागी पुरळ, सतत खाज, सूज किंवा डोळ्यांभोवती लाली असेल, तर जेल थांबवून डॉक्टरांना दाखवावं. खोल, गाठीसारखे, वण ठेवणारे मुरुम असतील तर जेलवर महिने घालवू नयेत. पाळी अनियमित असून हनुवटीभोवती मुरुम येत असतील तर हार्मोनची तपासणीही करावी.

गरोदरपण

दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉइड लावायचं नाही. याच घराण्यातली आयसोट्रेटिनॉइनची गोळी तर पोटातल्या बाळाला गंभीर व्यंग देऊ शकते. ती कोणाच्या उरलेल्या पाकिटातून कधीही घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईने जेलबद्दलही आधी डॉक्टरांना विचारावं.

चेहरा साफ झाल्यावर

इथे बरेच जण जेल सोडतात आणि काही महिन्यांत मुरुम परततात, कारण नळ्या पुन्हा तुंबू लागतात. डॉक्टर बहुधा जेल चालूच ठेवायला सांगतात, कधी रोज, कधी आठवड्यातून काही रात्री. त्या वेळेपर्यंत त्वचेला सवय झालेली असते आणि सालही निघत नाही.