सर्वांच्या लेखणीचा कोश आणि आरोग्य

ज्ञानकोश म्हटला कीं महाराष्ट्रीय वाचकास डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचें स्मरण होतें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २३ खंड सिद्ध केले. आज एक निराळा कोश आपल्यापुढें आहे. विकिपीडिया नांवाचा हा कोश इंटरनेटवर २००१ सालीं इंग्रजींत व २००३ सालीं मराठींत सुरू झाला. त्याचे वाचक तेच त्याचे लेखक. कोणीहि त्यांतील लेख सुधारूं शकतो. त्यांतील वैद्यकविषयक लेखांस हात लावण्यापूर्वीं काय जाणावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शंका अशी कीं, जें कोणीहि लिहावें त्यावर रोग्यानें विश्वास कां ठेवावा? याचें उत्तर त्या कोशाच्या रीतींत आहे. प्रत्येक फेरफाराची नोंद 'इतिहास' या पानावर राहते. चुकीचा बदल दुसरा कोणी उलटवूं शकतो. मतभेद 'चर्चा' पानावर मांडतात. शिवाय विधानास आधार लागतो. इंग्रजी आवृत्तींत वैद्यकीय लेखांस ही कसोटी अधिकच कडक आहे. एका प्रयोगाची वार्ता किंवा स्वतःचा अनुभव तेथें पुरत नाहीं. अनेक प्रयोग तोलून लिहिलेलें परीक्षण, मान्य पाठ्यपुस्तक अथवा जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थेचें मार्गदर्शन दाखवावें लागतें. औषध किती घ्यावें हें सहसा देत नाहींत. तें काम रोगी तपासणाऱ्या डॉक्टरांचें. मराठींत लिहितांनाहि हीच कसोटी पाळावी.

उदाहरण आमच्या पिंपरीचेंच घेऊं. येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यांत १९५५ सालीं पेनिसिलिन तयार होऊं लागलें. हें औषध जीवाणूंस मारतें. विषाणूंवर त्याचा कांहींच उपयोग नाहीं, आणि साधें पडसें होतें तें विषाणूंमुळें. आतां भाषांतर करितांना कोणीं 'विषाणु'च्या जागीं 'जीवाणु' लिहिलें तर? चाकणला रात्रपाळी करून आलेला, एका दिवसाचीहि रजा न परवडणारा कामगार तें वाचून नको त्या गोळ्या घेईल. पडसें त्यानें हटणार नाहींच. उलट अशा अनाठायीं वापरानें जीवाणु औषधास दाद देईनासे होतात, आणि पुढें खऱ्या दुखण्यांत तेंच औषध निकामी ठरतें. एका शब्दाची ही किंमत!

मग आम्हीं विद्यार्थ्यांनीं काय करावें? आम्ही वैद्य नव्हों. रोगावर उपाय सांगण्याच्या भरीस आम्हीं पडूं नये. परंतु चुकलेला शब्द ग्रंथ पाहून दुरुस्त करणें, दुर्बोध वाक्य सोपें करणें, निराधार विधानापुढें 'संदर्भ हवा' अशी खूण करणें व शंका चर्चा पानावर विचारणें, एवढें आमच्या आवांक्यांत खचित आहे. इंग्रजी जाणणाऱ्यास विस्तृत लेख मिळतात. केवळ मराठी जाणणाऱ्यास पुष्कळदां चार ओळींवरच समाधान मानावें लागतें. ज्याचें तोंडहि आपण कधीं पाहणार नाहीं, अशा शेजाऱ्याची ही सेवा आहे. ती करावी, आणि जपून करावी.