बालाघाटावरील लहान गाव : जीवन आणि मालमत्तेचे भवितव्य

एखाद्या लहान खेड्यात जन्मलेल्या व्यक्तीस वारसाने काय मिळते आणि मिळालेल्या गोष्टीवर तिचे आयुष्य कितपत उभे राहू शकते, हा ग्रामीण अर्थशास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या पठारावरील गावांच्या संदर्भात त्याचे उत्तर शोधू लागल्यास असे आढळते की, जमीन नावावर असणे आणि जमिनीवर जगणे या येथे दोन निराळ्या गोष्टी झाल्या आहेत. हा वियोग कसा घडून आला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भूमी आणि पाणी

जिल्ह्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. उत्तरेस गोदावरीकाठची गंगथडी. गेवराई व माजलगाव तालुक्यांतील ही काळी, खोल जमीन जायकवाडी प्रकल्पाच्या उजव्या कालव्यामुळे व माजलगाव धरणामुळे काही अंशी ओलिताखाली आली. दक्षिणेस बालाघाटाचे पठार. पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील पुष्कळशी जमीन हलकी व मुरमाड आहे. मांजरा नदीचा उगम याच डोंगरात होतो. परंतु उगमाकडील गावांना तिच्या पाण्याचा लाभ थोडाच मिळतो. सरासरी पर्जन्यमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास असले, तरी ते भरवशाचे नाही. म्हणून या भागात 'किती एकर?' या प्रश्नापेक्षा 'विहिरीला पाणी किती दिवस पुरते?' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. सोयरीक ठरविताना वडीलधारी माणसे हाच प्रश्न आधी विचारतात, यात व्यवहाराची जाण आहे.

मालकीचा इतिहास

1948 सालापर्यंत हा प्रदेश निजामाच्या संस्थानात होता. खालसा, सर्फ-ए-खास, जहागीर व इनाम असे जमिनीचे अनेक प्रकार त्या काळी अस्तित्वात होते आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याचा हक्क त्यांत दुर्बळ होता. 1949 साली जहागिरी संपुष्टात आल्या. 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने संरक्षित कुळांना मालकीचा मार्ग मोकळा झाला, तर 1954 च्या कायद्याने इनामे रद्द करण्याची तरतूद झाली. 1954-55 चे खासरा पत्रक हे या स्थित्यंतराचे दप्तरी चित्र होय. जमिनीच्या तंट्यांत आजही त्याचा दाखला दिला जातो. 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व 1960 साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला. 1961 साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला आणि 1975 पासून कोरडवाहू जमिनीची मर्यादा 54 एकर ठरली.

तथापि लहान गावातील बहुसंख्य कुटुंबांच्या दृष्टीने प्रश्न कमाल धारणेचा नव्हता. तो किमान धारणेचा होता. उदाहरणार्थ, 1956 साली 12 एकर जिरायत असलेल्या कुटुंबात तीन मुलगे असतील व मुलींचा हिस्सा मागितला गेला नसेल, तर प्रत्येकाच्या वाट्यास 4 एकर येतात. पुढील पिढीत प्रत्येकास दोन मुलगे असल्यास ते 2 एकरांवर येतात. राज्याचे आकडे याच दिशेने बोलतात. 1970-71 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण 4.28 हेक्टर होते. 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टर झाले. तुकडेबंदी कायद्यान्वये 2023 साली बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे ठरविण्यात आले. कायदा तुकड्याचे हस्तांतर रोखू शकतो; कुटुंबातील माणसांची संख्या रोखू शकत नाही. परिणामी सातबाऱ्यावर अनेक नावे सामाईक राहतात, बांध मात्र तोंडी वाटणीने पडतात, आणि तंट्याचे बीज तेथेच रुजते.

जावा बेटाशी तुलना

जमीन अपुरी पडू लागली म्हणजे समाज काय करतो, याची एक प्रसिद्ध मीमांसा अमेरिकी मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1963 साली इंडोनेशियातील जावा बेटाविषयी केली. डच राजवटीत, विशेषतः 1830 नंतरच्या सक्तीच्या लागवडीच्या पद्धतीत, जावातील भातखाचरांमध्येच आलटून पालटून ऊस लावला जाई. पाणथळ भातशेतीचा गुण असा की, अधिक हात लावल्यास ती थोडे का होईना, अधिक पिकते. त्यामुळे वाढलेली माणसे गावातच सामावली गेली आणि तुटपुंजे उत्पन्न सर्वांत वाटले गेले. या मीमांसेवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. गावांतर्गत विषमता तिने झाकली, हा त्यांतील मुख्य होय. तरीही तुलनेस ती उपयोगी पडते.

बालाघाटावर नेमके उलट घडले. मुरमाड जिरायतीत ज्वारी-बाजरीच्या तासाला चार हात अधिक लावल्याने दाणा वाढत नाही, कारण उणीव हातांची नसून ओलीची असते. म्हणून पठाराने वाढलेली माणसे सामावून घेतली नाहीत. ती बाहेर धाडली. जावात ऊस गावाच्या शेतात आला. येथे गाव उसाच्या शेतात गेले. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांनी काही आधार दिला, परंतु ऊसतोडीचा ओघ थांबला नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास पती-पत्नींचा 'कोयता' मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातो व उन्हाळ्याच्या तोंडी परततो. उचल फिटली नाही, तर पुढील हंगाम आधीच विकला गेलेला असतो. फडावरील कोपीत राहणाऱ्या या जीवनाची किंमत स्त्रियांच्या शरीराने किती मोजली, हे 2019 साली उघड झाले. शासकीय समितीसमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले.

नाव नसलेल्यांची मालमत्ता

एवढे असूनही कोणी दोन एकर सहसा विकत नाही. याचे कारण केवळ भावनिक नाही. पीककर्ज, पीकनुकसानीचे अनुदान, 2019 पासूनचा केंद्राचा वार्षिक 6,000 रुपयांचा शेतकरी सन्मान निधी हे सर्व सातबाऱ्यावरील नावाशी बांधलेले आहे. शेत पोट भरीत नसले, तरी ते शासनाच्या दारात उभे राहण्याचा परवाना असते. साहजिकच ज्यांचे नाव लागलेले नाही, ते दोन्हीकडून वंचित राहतात. बटईने कसणारा नुकसान सोसतो, परंतु अनुदान मालकाच्या खात्यात जमा होते.

स्त्रियांची स्थिती याहून वेगळी नाही. महाराष्ट्राने 1994 साली व केंद्राने 2005 साली मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद म्हणून मुलाबरोबर समान हक्क दिला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. व्यवहारात मात्र चोळीबांगडीच्या मानावर हक्कसोडपत्र होते, कारण माहेर तुटण्याचे भय जमिनीच्या मोलापेक्षा मोठे असते. फडावर निम्मा कोयता स्त्रीचा. शेतावर तिचे नाव नाही.

भूमिहीनांचा प्रश्न गायरानाशी निगडित आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 व 1964 साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक सरकारी जमिनीची मागणी पुढे आणली. पुढे बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने ती गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांत दृढ केली. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासननिर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. परंतु त्यासाठी ताब्याचा पुरावा हवा होता आणि गाव नमुना 1-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद होणे हे गावातील वजनदार मंडळींच्या मर्जीवर पुष्कळदा अवलंबून असे. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी निर्देश दिले. सामाईक जमिनीचे रक्षण हे तत्त्व योग्यच. परंतु दोन पिढ्या माळ फोडून पिकाखाली आणणाऱ्या भूमिहीनास आणि मोक्याची जागा बळकावणाऱ्या धनवंतास एकाच मापाने मोजले जाण्याचा धोका त्यातून उत्पन्न होतो.

भवितव्य

मालमत्तेचे मोल वाढविणाऱ्या काही घडामोडी अलीकडे झाल्या आहेत. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने गावठाणातील घरांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याची सोय झाली. तोवर ग्रामपंचायतीचा नमुना 8 हाच घराचा आधार होता, आणि तो कर आकारणीचा उतारा असून मालकीचा पुरावा नव्हे. 17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. पठारावर पवनचक्क्या आल्या. परंतु मोल वाढते ते प्रथम रस्त्यालगतच्या जमिनीचे. आणि विक्रीचा लाभ ज्याचे नाव निर्विवाद आहे, त्यालाच होतो. मोल वाढत असता नोंदी अपुऱ्या राहिल्या, तर दुर्बळ वारस प्रथम बाहेर फेकला जातो.

यावरून असे म्हणता येईल की, या गावांचे भवितव्य जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे : माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडविलेले पाणी, कसणाऱ्या हाताशी जुळणारी नोंद आणि उचलीवाचून मिळणारे काम. यांपैकी एकच साधली, तर तिचा लाभ टिकत नाही. पाणी आले आणि नोंद नसेल, तर भिजलेली जमीन दुसऱ्याची होते. नोंद झाली आणि पाणी नसेल, तर सातबारा पेटीत ठेवून कुटुंब पुन्हा फडाची वाट धरते.