भूत घरात की मनात?

मध्यरात्री दारावर धडका बसतात, खोलीत एकाएकी गारठा पसरतो. पण दाराबाहेर नेमके कोण आहे, हे अखेरपर्यंत दिसत नाही. अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन (१९१६-१९६५) यांची 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस' ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा दशके उलटली, तरी तिच्या वाचकांत दोन तट कायम आहेत. काहींच्या मते झपाटलेल्या वास्तूची याहून सरस कथा नाही. इतरांची तक्रार अशी, की भुताची कादंबरी म्हणून हाती घ्यावी आणि भूतच भेटू नये!

कथानक तसे साधे आहे. अतींद्रिय घटनांचे अभ्यासक डॉ. माँटेग्यू हे कुप्रसिद्ध हिल हाऊस भाड्याने घेतात. एलिनॉर, थिओडोरा आणि घराचा भावी वारस ल्यूक त्यांच्यासोबत राहायला येतात. सुमारे ८० वर्षांपूर्वी ह्यू क्रेन याने बांधलेल्या या वास्तूतील प्रत्येक कोन किंचित चुकलेला आहे आणि दारे आपोआप बंद होतात.

खरा वाद आहे तो एलिनॉरविषयी. ३२ वर्षांच्या या अविवाहितेची ११ वर्षे आजारी आईच्या शुश्रूषेत गेली. आईच्या निधनानंतर ती बहिणीच्या घरी आश्रितासारखी राहते. हिल हाऊसच्या भिंतीवर तिच्याच नावाचा मजकूर उमटतो, तेव्हा तो लिहिला कोणी, हा प्रश्न वाचकालाही छळू लागतो. तिच्या लहानपणी घरावर तीन दिवस दगडांचा वर्षाव झाला होता, हा तपशील लेखिकेने आरंभीच देऊन ठेवला आहे. हे सारे तिच्याच मनाचे खेळ आहेत, असे मानणारे वाचक त्याकडे बोट दाखवतात. उलट, ते आवाज आणि तो गारठा इतरांनाही जाणवतो, याची आठवण दुसरा पक्ष करून देतो. दोन्ही बाजूंना पुरावा मिळेल, पण निकाल मिळणार नाही, अशी ही रचना आहे.

नापसंतीची कारणेही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. आरंभीचा भाग संथ आहे. उत्तरार्धात प्लँचेट घेऊन अवतरणाऱ्या डॉक्टरांच्या पत्नीमुळे भीतीचा ताण सैलावतो, असे अनेकांना वाटते. २०१८ मधील नेटफ्लिक्स मालिका पाहून पुस्तकाकडे वळणाऱ्याचा तर हमखास गोंधळ उडतो; कारण मालिकेने नावे आणि वास्तू घेऊन निराळ्याच कुटुंबाची कथा सांगितली. रॉबर्ट वाइझ यांच्या १९६३ च्या चित्रपटाने मात्र भूत न दाखवण्याचे पथ्य पाळले होते.

भयकथालेखक स्टीफन किंग यांनी १९८१ मध्ये या कादंबरीला हेन्री जेम्स यांच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'च्या (१८९८) पंक्तीत बसवले. तिथेही भुते खरी की भास, हा वाद मिटलेला नाही.

ही कादंबरी वाचताना भुताची वाट पाहणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही. एलिनॉरकडे लक्ष ठेवणाऱ्याला मात्र हळूहळू उमगते, की ज्या घरातून इतरांना पळून जावेसे वाटते, तेच तिला आपले वाटू लागले आहे. जिला कुठेच हक्काची जागा नाही, तिला असे घरही बोलावू शकते. पुस्तक मिटल्यावर मागे उरते ती ही भीती.