विजेच्या सायकलीचा टायर

खांब गांवावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. त्याच्या चौपदरीकरणाचें पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचें काम २०११ सालीं सुरू झालें आणि वर्षानुवर्षें रेंगाळलें; त्या काळांतील खड्डे कोंकणच्या प्रवाशाची कंबर अद्याप विसरलेली नाहीं. अशा मुलखांत कोलाडमार्गें धाटावच्या कारखान्यांकडे कामाला जाणारा मनुष्य विजेची सायकल घेण्याचें मनांत आणतो, तेव्हां तो मोटार आणि बॅटरी यांची बारकाईनें चौकशी करतो. टायराची आठवण त्याला पहिल्या पंक्चरनंतर होते.

बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव सहसा झिजत नाहीं. परंतु वाटेंत खडा आला कीं सगळी गाडी त्यावर उचलावी लागते. हवेचा टायर तो खडा पोटांत घेतो. रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालीं अशा टायराचें पेटंट घेतलें, पण तें मागें पडलें. १८८८ मध्यें बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्यानें मुलाच्या तिचाकीच्या निमित्तानें तीच युक्ति पुन्हां सिद्ध केली.

या सुखाची किंमत मात्र द्यावी लागते. जमिनीला टेकतांना रबर दबतें आणि सुटतांना पूर्ववत् होतें. पण दबतांना घेतलेली सर्व शक्ति तें परत करीत नाहीं. उरलेली उष्णता होऊन जाते. रबर जितकें जाड व ताठ, नक्षी जितकी खडबडीत आणि हवा जितकी कमी, तितकी ही गळती अधिक. सायकल, स्वार व ओझें मिळून १०० किलो धरलें, तर हलक्या फिरणाऱ्या टायरांचा विरोध सुमारें अर्धा किलो वजनाएवढा असतो, जड टायरांचा एक किलोएवढा. दिवसाची रपेट २४ किलोमीटर असेल, तर या फरकापायीं सुमारें ३३ वॅट-तास वीज खर्च होते. ३६ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरींत एकंदर २५२ वॅट-तास असतात. म्हणजे तिचा आठवा हिस्सा नुसत्या रबराच्या उष्णतेंत गेला!

मग हलक्यांत हलका टायर घ्यावा काय? मुळींच नाहीं. विजेच्या सायकलीची मोटार बहुधा मागल्या चाकांत बसविलेली असते. तेथें पंक्चर झालें कीं तारा सोडवा, घट्ट नट काढा, अशी यातायात होते. त्यांतून पाऊस असला तर विचारावयासच नको. म्हणून मागें पंक्चररोधक थर असलेला मजबूत टायर आणि पुढें त्याहून हलका, ही जोडी शहाणपणाची. रुंदी ४५ ते ५० मिलिमीटर असावी. अरुंद टायर हलका फिरतो ही समजूत सरसकट खरी नव्हे. हवेचा दाब सारखा असल्यास रुंद टायर कमी दबतो, आणि खड्ड्यांत रिमही वांचवितो. नक्षी उथळ पुरे. ओल्या डांबरावरही सायकलीच्या वेगाला खोल नक्षी लागत नाहीं; रोजची वाट शेतांतल्या चिखलाची असेल तर गोष्ट निराळी. अर्ध्या किंमतीचा टायर तिसऱ्या हिश्श्यानेंच टिकला, तर तो स्वस्त कसला?

दुकानांत नुसता 'सव्विसाचा टायर' मागण्यांत फसगत ठरलेली. २६ × १.९५ याचा रिमवर बसणारा व्यास ५५९ मिलिमीटर, तर २६ × १ ३/८ याचा ५९०; नांव एकच, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाहीं. टायराच्या कडेला ५०-५५९ असा जोडअंक उठविलेला असतो. पहिला आंकडा रुंदीचा, दुसरा व्यासाचा. जुन्या टायरावरचा दुसरा आंकडा कागदावर उतरून न्यावा.

हवेचा दाबही कडेलाच लिहिलेला असतो. ५० मिलिमीटरच्या टायराला साधारणपणें चौरस इंचास ४० ते ५० पौंड लागतात, मागें थोडे अधिक. ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपते, तेव्हां आठवड्यांतून एकदां मापकानें दाब पाहावा. अंगठ्यानें दाबून पाहण्याची रीत फसवी आहे. पेट्रोल पंपावर हवा भरावयाची असेल, तर ट्यूबचा वाल मोटारीसारखा आहे ना, हें खरेदीच्या वेळींच पाहून घ्यावें. साध्या सायकलीच्या जुन्या वालाला पंपावरची नळी बसत नाहीं.